बंद पडलेल्या किट कारचे मूळ साचे कसे जपावेत

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकली जाणारी आणि घेणाऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडायची मोटार. ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत या मोटारींचा चांगला उद्योग उभा राहिला, कारण तयार मोटारीवर बसणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. एप्रिल १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली आणि अनेक छोट्या कंपन्यांचा पाया खचला. या गाड्यांची इंजिने, गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंग मोठ्या कंपन्यांच्या चालू गाड्यांमधून उचललेली असत. त्यामुळे ते भाग आजही शोधले तर मिळतात. मिळत नाही ती फायबरग्लासची बॉडी, आणि ती पुन्हा निर्माण करण्याचा खात्रीचा मार्ग ज्या साच्यातून ती मुळात निघाली त्या साच्यातूनच जातो.

हे लिहिताना मी मुख्यतः क्लॅन क्रूसेडर ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. इंग्लंडमधील काउंटी डरॅमच्या वॉशिंग्टन या गावी ती १९७१ पासून तयार होऊ लागली. हिलमन इम्प या छोट्या ब्रिटिश मोटारीचे ८७५ सीसीचे इंजिन मागच्या बाजूला बसवलेले, आणि वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, मुळात नाहीच. सगळा भार फायबरग्लासच्या बॉडीनेच पेलायचा. सुमारे तीनशे गाड्या बाहेर पडल्यावर १९७३ च्या अखेरीस कंपनी बंद पडली, साचे सायप्रसच्या मार्गाला लागले, आणि पुढे १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये ही गाडी पुन्हा बनवण्याचा प्रयत्न झाला. कंपनी संपली तरी साचे जगतात, याचे दुसरे उदाहरण मिनी मार्कोसचे. १९६६ ची ल मान्स शर्यत शेवटपर्यंत पूर्ण करणारी ती एकमेव ब्रिटिश गाडी होती, आणि मूळ कंपनीच्या हातून सुटल्यावरही तिचे उत्पादन दुसऱ्यांच्या हाती बरीच वर्षे चालू राहिले. आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली फायबरग्लासची गाडी होती, आणि गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची बॉडीही फायबरग्लासचीच. या दोन्ही किट कार नव्हेत, पण त्यांच्या साच्यांना लागणारी काळजी तीच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की मूळ साचा हाती आल्यावर त्याला कामातून निवृत्त करावे. त्यातून अतिशय सावधपणे एकच उत्तम पीस, म्हणजे त्या साच्यात घडवलेली बॉडीची प्रत, काढावा, त्या पिसावरून कामाचा नवा साचा बनवावा, आणि मूळ साचा ज्या अवस्थेत मिळाला त्याच्या शक्य तितक्या जवळच्या अवस्थेत ठेवून द्यावा. पुढची प्रत्येक सूचना याच विचारातून आलेली आहे.

चालू गाडीवरून साचा का घेऊ नये

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. पन्नास वर्षे रस्त्यावर फिरलेल्या बॉडीवर रंगाचे कित्येक थर बसलेले असतात, अपघातानंतर भरलेली लांबी (पुट्टी) असते, दारे ओघळलेली असतात आणि कडा घासून गोल झालेल्या असतात. तिच्यावरून घेतलेल्या साच्यात हे सगळे दोष कायमचे उतरतात. शिवाय फायबरग्लासमधील काचेच्या धाग्यांना बांधणारे पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. काचेच्या धाग्यामुळे हे आकसणे बरेच रोखले जाते, तरी साडेतीन-पावणेचार मीटर लांबीच्या बॉडीत प्रत्येक पिढीमागे काही मिलिमीटर कमी होऊ शकतात, आणि मग समोरची काच खाचेत बसत नाही. कॅलिफोर्नियातील मायर्स मँक्स या १९६४ च्या बग्गीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तिची बॉडी विकत घ्यायची, तिच्यावरूनच साचा काढायचा आणि नकला विकायच्या, असा धंदा अनेकांनी केला. ब्रूस मायर्स यांचे पेटंट न्यायालयात टिकले नाही आणि मूळ कंपनीच अखेर बंद पडली. मूळ साच्यात मात्र आखणाऱ्याच्या हातची रेषा असते. पॅनेल कुठे कापायचे त्याची कोरलेली खूण, भोक पाडण्याच्या जागेवरचा बारीक ठिपका, जोडाच्या कडेचा नेमका कोन, यांपैकी काहीच तयार गाडीवरून परत मिळवता येत नाही.

हात लावण्यापूर्वीच्या नोंदी

साचे बहुधा एखाद्या शेतघरात, बंद कारखान्याच्या मागे किंवा उघड्यावर गवतात पडलेले सापडतात, आणि ते पाहताच धुऊन काढण्याची घाई होते. ही घाई टाळावी. साचा आहे त्या जागी आणि आहे त्या स्थितीत चारही बाजूंनी, आतून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रात मोजपट्टी असावी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक साच्यावर रंगाने न लिहिता चौकटीला तारेने बांधलेल्या धातूच्या बिल्ल्यावर ठोकावा.

साच्याची मागची बाजू विशेष काळजीने पाहावी. खडबडीत मॅटवर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या थरावर, पेन्सिलीने किंवा मार्करने काढलेले बाण, डाव्या-उजव्या दाराच्या खुणा, एखादी तारीख, ओघळून वाळलेल्या रेझिनचे वेगवेगळे रंग, नंतर जोडलेल्या पट्ट्या, यांवरून साचा कितीदा दुरुस्त झाला आणि गाडीच्या कोणत्या मालिकेसाठी त्यात बदल केले गेले हे कळते. दिव्यांची उंची बदलताना जुना भाग लांबीने बुजवून त्याच साच्यात नवा आकार घडवण्याची रीत छोट्या कारखान्यांत सर्रास होती. अशी भर काढून टाकू नये आणि गुळगुळीतही करू नये. ती गाडीच्या इतिहासाचा भाग आहे.

त्याच वेळी कागदपत्रांचाही मागोवा घ्यावा. साच्याची वस्तू म्हणून मालकी, गाडीच्या रचनेवरील हक्क आणि गाडीचे नाव वापरण्याचा हक्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दिवाळखोरीच्या व्यवहारात त्या तीन वेगळ्या लोकांकडे गेलेल्या असू शकतात. लिक्विडेटरची, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकणाऱ्या अधिकाऱ्याची, विक्रीची पावती, त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतराचे पत्र आणि तोंडी दिलेल्या परवानगीची लेखी खातरजमा एका फायलीत जमवावी. साच्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी हे काम पूर्ण झालेले बरे.

तपासणी

पहिली तपासणी उजेडाने होते. खोली अंधारी करून विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. समोरून पडणाऱ्या उजेडात निर्दोष दिसणारा जेलकोट, म्हणजे साच्याचा वरचा गुळगुळीत रेझिनचा थर, आडव्या उजेडात आपले सगळे दोष दाखवतो: पीस सोडवताना मारलेल्या हातोड्यांमुळे पडलेल्या चांदणीसारख्या भेगा, उन्हाने आलेली जाळीदार तडकण, ओलाव्याचे बारीक फोड, आणि मॅटच्या धाग्यांची वर उमटलेली वीण. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा रंग ठरवून साच्याच्या रेखाचित्रावर खुणा कराव्यात. साच्यावरच खूण करायची असेल तर पाण्याने पुसली जाणारी पेन्सिल वापरावी.

दुसरी तपासणी कानाने होते. एखादे नाणे किंवा प्लॅस्टिकची मूठ घेऊन पृष्ठभागावर इंचाइंचाच्या अंतराने हलकेच वाजवत जावे. कुंभाराकडे माठ घेताना आपण जसा तो वाजवून पाहतो, तसाच हा प्रकार आहे: थर एकसंध असेल तर आवाज खणखणीत येतो, आणि जेलकोट मागच्या मॅटपासून सुटला असेल तर बद्द येतो. बद्द वाजणाऱ्या भागाची कड आखून घ्यावी, कारण तिथे उद्या पीस चिकटला तर जेलकोट त्याच्याबरोबरच उचकटून येईल.

तिसरी तपासणी मापाची. साचा सपाट जमिनीवर ठेवून त्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत; ते सारखे नसतील तर साचा पिळला आहे. मध्यरेषेवर घट्ट दोरी ताणून दोन्ही बाजूंच्या सममित बिंदूंपर्यंतचे अंतर गुण्या लावून मोजावे. दाराच्या चौकटीची आणि काचेच्या खाचेची मापे शक्य असेल तर एखाद्या अस्सल, न ठोकलेल्या गाडीशी आणि मूळ काचेशी ताडून पाहावीत. क्रूसेडरसारख्या चॅसी नसलेल्या गाडीत सस्पेन्शनचे धातूचे तुकडे थेट बॉडीच्या थरांत बसवावे लागतात, त्यामुळे त्या जागांची मापे सर्वांत महत्त्वाची ठरतात. तिथली चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही, तर चाकांच्या रेषेपर्यंत पोहोचते.

रेझिनची अवस्था जाणून घ्यायची असेल तर बारकॉल हे कडकपणा मोजण्याचे छोटे उपकरण वापरता येते. नीट घट्ट झालेला पॉलिएस्टर साधारणपणे ३५ ते ४५ च्या आसपास माप दाखवतो, आणि त्याहून बरेच कमी माप आले तर रेझिन कच्चे राहिले आहे किंवा पाण्याने मऊ झाले आहे असे समजावे. या उपकरणाची सुई बारीक खळगा पाडते, म्हणून ते फक्त कडेच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर लावावे.

हलवणे

अनेक तुकड्यांचा साचा हलवण्यापूर्वी सर्व तुकडे त्यांच्या मूळ बोल्टांनी एकत्र कसावेत. गंजलेले बोल्ट असतील तर ते बदलावेत, पण जुने फेकू नयेत. ट्रेलरवर बांधताना पट्टे फक्त चौकटीवरून घ्यावेत. फ्लँजवरून ओढून घेतलेला पट्टा दोन-तीन तासांच्या प्रवासात तिला कायमचा बाक आणू शकतो. चौकट सडलेली किंवा मोडकी असेल तर जागेवरच तात्पुरता लाकडी आधार बांधल्याशिवाय साचा उचलूच नये.

साठवण

बहुतेक साचे वापराने कमी आणि वाईट साठवणीने जास्त खराब होतात. फायबरग्लास कडक दिसतो, पण सतत एका बाजूला पडणाऱ्या वजनाखाली तो वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहतो. म्हणून साचा ज्या स्थितीत काम करण्यासाठी बनवला होता त्याच स्थितीत, स्वतःच्या चौकटीवर आणि सर्व पायांवर सारखा भार येईल असा ठेवावा. भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये आणि एका साच्यावर दुसरा रचू नये. जमीन सपाट नसेल तर पायाखाली पाचर घालून लेव्हल लावून पाहावी. लाकडी चौकट दमट हवेत फुगते आणि साच्याला आपल्याबरोबर ओढते. लोखंडी चौकट गंजली की गंजाचा फुगवटा जोडाची मॅट फोडतो. त्यामुळे गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून चौकट आधी सुदृढ करावी.

उघड्यावर साचा कधीही ठेवू नये. काळ्या किंवा गडद हिरव्या जेलकोटचा साचा उन्हात इतका तापतो की जुने रेझिन मऊ पडू लागते आणि मॅटची वीण वर उमटते. शिवाय अतिनील किरण जेलकोट खडूसारखा भुरभुरीत करतात. खोलीचे तापमान १० ते २५ अंशांच्या दरम्यान आणि हवेतील आर्द्रता साधारण ४५ ते ६० टक्के राहिली तर उत्तम. नेमक्या आकड्यापेक्षा तो दिवसरात्र फारसा न बदलणे महत्त्वाचे आहे. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा ब्रिटनच्या हिवाळ्यात यासाठी आर्द्रता शोषणारे यंत्र लावणे आवश्यक ठरते. साच्यावर प्लॅस्टिकचा कागद लपेटू नये, कारण त्याच्या आत दव साचते आणि पाणी जेलकोटच्या भेगांतून मॅटमध्ये उतरते. जाड सुती चादर घालावी. खोलगट साच्यात पाणी साचणार नाही अशा बेताने तो ठेवावा, आणि उंदरांचा बंदोबस्त करावा.

पृष्ठभागाच्या रक्षणासाठी जुन्या कारागिरांची एक रीत मला फार योग्य वाटते: शेवटचा पीस साच्यातच राहू द्यायचा. तो आकार धरून ठेवतो आणि धूळ, ऊन, ओरखडे स्वतःवर घेतो. असा पीस साच्यात सापडला तर तो लगेच उपटून काढू नये. साच्याला आधार, मोजमाप आणि कोरडी जागा मिळाल्यानंतरच त्याचा विचार करावा. साचा रिकामा असेल तर साठवणीपूर्वी त्यावर कार्नोबा वॅक्सचा जाड थर देऊन तो न पुसता तसाच ठेवावा. सिलिकॉन असलेले मोटारीचे पॉलिश मात्र साच्याजवळही येऊ देऊ नये, कारण त्याचा अंश राहिला तर पुढच्या जेलकोटला माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात आणि हा दोष काढता काढता दमछाक होते.

स्वच्छता आणि दुरुस्ती

सुरुवात कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज यांनी करावी. पीस सुटावा म्हणून लावलेला पीव्हीएचा पापुद्रा पाण्यातच विरघळतो, त्यामुळे निम्मी घाण एवढ्यानेच जाते. वॅक्सचे साचलेले पिवळसर थर काढण्यासाठी साच्यांसाठीचे क्लीनर मिळते. ते आधी फ्लँजवर लावून पाहावे. ॲसिटोनने भिजवलेली चिंधी जुन्या पॉलिएस्टरवर ठेवून देणे धोक्याचे आहे, कारण पृष्ठभाग मऊ पडतो. मागची बाजू फक्त मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने स्वच्छ करावी, म्हणजे खुणा आणि अक्षरे राहतील.

घासण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. साच्याच्या जेलकोटची एकूण जाडी बहुधा एक मिलिमीटरच्या आतच असते, आणि पूर्वीच्या कारागिरांनी त्यातला काही भाग आधीच घासून संपवलेला असतो. फक्त मंद पडलेला पृष्ठभाग रबिंग कंपाउंडने उजळतो. त्याने भागले नाही तरच १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह घ्यावा, आणि ८०० च्या खाली तर दुरुस्तीच्या जागेशिवाय उतरूच नये. कोरलेल्या कापणी-रेषांवरून कागद फिरवू नये.

भेगेची दुरुस्ती करायची की नाही हे आधी ठरवावे. पीस काढण्यात अडथळा न आणणारी बारीक भेग नोंदवून सोडून द्यावी. जी भेग पीस अडकवेल ती छोट्या ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात, भेगेचे शेवटचे टोक संपेपर्यंत उघडावी. टोक आत राहिले तर ती पुन्हा पसरते. मागचा थरही फुटला असेल तर मागून आधी (दर चौरस मीटरला) ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर चढवावेत; अशा एका थराने साधारण एक मिलिमीटर जाडी मिळते. मग समोरून साच्यासाठीचा टूलिंग जेलकोट पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहील असा भरावा. जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म दाबून बसवावी. पूर्ण घट्ट झाल्यावर छोट्या लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून ४००, ६००, ८०० आणि १२०० अशा क्रमाने उतरावे आणि शेवटी पॉलिश करावे. दुरुस्तीचा जेलकोट मूळ रंगापेक्षा थोडा वेगळा निवडावा असे माझे आग्रहाचे मत आहे. पुढे पाहणाऱ्याला मूळ काय आणि भर काय हे एका नजरेत कळले पाहिजे.

खोलीचे तापमान या कामात १८ ते २५ अंश असावे आणि रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुधा वजनाच्या १ ते २ टक्के, तराजूवर मोजून घ्यावे. हार्डनर आणि ही क्रिया वेगवान करणारे कोबाल्टचे ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून भडका उडतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा, किंवा सरळ ॲक्सिलरेटर मिसळलेले रेझिनच विकत घ्यावे. स्टायरिनच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातांना नायट्राइल मोजे हवेत. १९६० आणि १९७० च्या दशकांतील पुट्टीत ॲस्बेस्टॉस मिसळलेले असू शकते, म्हणून जुनी भर कोरडी घासू नये. शंका असेल तर तिचा नमुना प्रयोगशाळेकडून तपासून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

स्कॅन

त्रिमितीय स्कॅन हा साच्याला पर्याय होत नाही, पण विम्यासारखा उपयोगी पडतो आणि आता तो आवाक्यात आला आहे. चकचकीत आणि गडद पृष्ठभागावर स्कॅनर गोंधळतो. त्यासाठी काही तासांत आपोआप उडून जाणारा पांढरा फवारा वापरावा. हातातला स्कॅनर छोट्या भागात अतिशय अचूक असतो, पण संपूर्ण बॉडीच्या लांबीत बारीक चुका साचत जातात, म्हणून साच्यावर खुणेचे ठिपके चिकटवून आणि ठरावीक लांबीच्या पट्ट्या शेजारी ठेवून सगळे एका मापात बांधावे. तुकडे सुटे असताना एकदा आणि बोल्टांनी कसलेले असताना एकदा, असे दोन्ही स्कॅन घ्यावेत. कच्चे बिंदू जसेच्या तसे जतन करावेत. संगणकावर गुळगुळीत केलेले, दोन्ही बाजू सारख्या केलेले प्रारूप ही वेगळी फाइल असावी. त्या काळच्या हाताने घडवलेल्या गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या असतात, आणि हा फरक पुसला तर जुने दार नव्या बॉडीला बसत नाही.

एकच पीस आणि कामाचा साचा

आता मुख्य काम. साचा स्वच्छ, दुरुस्त आणि बोल्टांनी कसलेला असताना त्यावर कार्नोबा वॅक्सचे किमान सहा थर द्यावेत, आणि प्रत्येक थरानंतर पुसून पुढच्या थरापूर्वी तासभर तरी जाऊ द्यावा. चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहावा. तो कुठे घट्ट धरू लागला तर तिथे वॅक्स कमी आहे. त्यावर पीव्हीएचा पातळ फवारा द्यावा. यानंतरही थेट पूर्ण पीस घालू नये. फ्लँजवर आणि दुरुस्त केलेल्या एका भागावर वीतभर जेलकोट आणि मॅटचा एक थर लावून तो सुटतो का ते पाहावे. हा चाचणीचा तुकडा न करता पुढे जाणाऱ्याने साचा गमावण्याची तयारी ठेवलेली बरी.

पीस बॉडीच्या नेहमीच्या तीन-चार मिलिमीटर जाडीचा न करता दुप्पट जाड करावा, कारण तो गाडीला लागणार नसून त्यावरून साचा घ्यायचा आहे. कमी आकसणारे टूलिंग रेझिन महाग असते, पण येथे काटकसर करू नये. जेलकोटनंतर पातळ टिश्यू आणि ३०० ग्रॅमच्या मॅटचा एकच थर लावून, रोलरने सगळे बुडबुडे काढून, तो रात्रभर राहू द्यावा. पुढे एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त थर चढवू नयेत; रेझिन घट्ट होताना तापते, आणि एकदम जाड थर दिला तर ती उष्णता मूळ साच्याचा जेलकोटही सैल करते. किमान आठवडाभर पीस साच्यातच पक्का होऊ द्यावा. पिसाच्या मागे आधाराची चौकटही तो साच्यात असतानाच बसवावी, आणि चौकट व पीस यांच्यामध्ये फोमची पट्टी घालावी, नाहीतर चौकटीची रेघ समोर उमटते.

सोडवताना बोल्ट काढून फ्लँजच्या फटीत प्लॅस्टिकच्या पाचरी हळूहळू सरकवाव्यात आणि फटीतून कोमट पाणी सोडावे. पीव्हीए विरघळत जाते आणि पीस स्वतःहून सुटू लागतो. एखादा कोपरा अडला तर पाणी घालून थांबावे. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडा या कामाच्या वेळी खोलीबाहेर असावेत, कारण तपासणीत दिसलेल्या बहुतेक चांदण्या त्यांनीच पाडलेल्या असतात.

हा पीस मापांच्या तक्त्याशी ताडून पाहावा, त्यातील किरकोळ खड्डे त्याच्यावरच दुरुस्त करावेत, आणि मग त्यावरून आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा, पोलादी नळ्यांच्या चौकटीचा कामाचा साचा घ्यावा. गाडीच्या सुधारणा, जसे की इंजिनासाठी वाढवलेली जागा किंवा रुंद चाकांसाठी फुगवलेले मडगार्ड, करायच्याच असतील तर त्या या साच्यात किंवा याच्याही पुढच्या प्रतीत कराव्यात. चॅसी नसलेल्या गाडीच्या बाबतीत मूळ बॉडीच्या थरांची संख्या आणि क्रम जाणून घेणेही तितकेच आवश्यक आहे. मोडलेल्या गाडीच्या बॉडीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेतील भट्टीत सुमारे ६०० अंशांवर जाळला की रेझिन जळून जाते आणि काचेचे थर जसेच्या तसे मोजता येतात. हे न करता नुसता बाह्य आकार बरोबर आणला, तर सस्पेन्शनच्या जागी बॉडी फाटण्याचा धोका राहतो.

ताबा आणि नोंदवही

साचे एका व्यक्तीच्या नावावर आणि एकाच गोदामात असणे ही सर्वांत कमकुवत कडी आहे. मालक वारले, जागा विकायची ठरली आणि आवराआवरीत साचे तोडून टाकले गेले, असे घडायला आठवडाही लागत नाही. म्हणून मालकी गाडीच्या मालकांच्या नोंदणीकृत संस्थेकडे किंवा न्यासाकडे असावी, जागेच्या मालकाबरोबर साचे कोणाचे आहेत याचा लेखी करार असावा, आणि चौकटीवर संस्थेचे नाव व संपर्क ठोकलेला असावा. मूळ साचा आणि त्यातून काढलेला तो एकच पीस शक्यतो दोन वेगळ्या इमारतींत ठेवावेत, म्हणजे एका आगीत दोन्ही जाणार नाहीत. स्कॅनच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी असावी.

कामाच्या साच्याबरोबर एक नोंदवही कायम फिरावी. त्यातून निघालेला प्रत्येक पीस, तारीख, वापरलेले रेझिन, कारखाना आणि सोडवताना आढळलेला दोष तीत लिहिला जावा. साचा बाहेर देताना किती पीस काढायचे ते करारातच ठरवून घ्यावे, आणि तो परत आल्यावर देण्यापूर्वीच्या छायाचित्रांशी ताडून पाहावा. मूळ साच्याची तपासणी वर्षातून एकदा, शक्य तो त्याच महिन्यात, त्याच विजेरीने आणि त्याच रेखाचित्रावर करावी, म्हणजे एखादी भेग गेल्या वर्षीपेक्षा वाढली आहे का हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. कर्णांची मापेही त्याच दिवशी पुन्हा घ्यावीत, आणि त्यांत फरक आढळला तर पहिल्यांदा चौकटीचे पाय तपासावेत.